मेजर शिर्क्यांची बोट

लखनौला समुद्र नाही, हे मला माहीत आहे. तरी लोक मला ते सांगतात. माहेरी वेंगुर्ल्याला गेले की सांगतात, लग्नकार्यात पंगतीत सांगतात. या अंकाच्या संपादकांनीही फोनवर आधी तेच सांगितलं, "अहो, लखनौत बसून तुम्ही बोटी बनवायचात? त्या कुणासाठी?" म्हटलं, घाघरा आणि राप्ती या नद्या दरवर्षी लोकांच्या चुलीपर्यंत येतात, त्यांना कुणी विचारतं का समुद्र कुठाय म्हणून? ते हसले आणि म्हणाले, हेच लिहा. म्हणून लिहितेय.

माझे बाबा होड्या बांधणारे सुतार. माझं लग्न झालं ते औषधांवर संशोधन करणाऱ्या एका शांत माणसाशी, आणि त्याच्यामागून मी लखनौला आले. नव्वदीच्या सुरुवातीला मुलं शाळेत जायला लागली आणि मला घर खायला उठलं. त्या दिवसांत कुणाकडे तरी शहराबाहेर चिनहटला जाताना एका शेडच्या दारात फायबरची नवी कोरी बोट उलटी ठेवलेली दिसली. मी रिक्षा थांबवली, आत गेले आणि मालकांना सांगितलं, "लालाजी, ये नाव पलट जाएगी." लालाजी चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. बोट पलटली की नाही ते विचारू नका. पुढच्या सोमवारपासून मी तिथे नोकरीला होते.

बाबांचं एकच शास्त्र होतं. "होडी रिकामी बघू नको गो, भरलेली बघ." रिकामी होडी कुणाचीही छान दिसते. माणसं बसली, सामान चढलं, वारा सुटला की तिचं खरं रूप कळतं. हे एक वाक्य हुंड्यासारखं घेऊन मी उत्तर प्रदेशात आले आणि त्यावर बारा वर्षं पोट भरलं. एक मात्र कबूल करते. मला पोहता येत नाही. बाबा म्हणायचे, सुतारान होडी अशी बांधूची की पोहायची पाळीच येता नये.

शेडमध्ये माझ्या जोडीला मुन्ने भाई होते. पंचावन्नच्या पुढचे, पातळ दाढी, बोलणं इतकं हळू की आधी मला वाटायचं यांचा घसा बसलाय. साच्यात काचेच्या तंतूंची चटई अंथरायची, वर रेझिन ओतायचं, ब्रशने दाबून हवेचा एकेक बुडबुडा काढायचा, हे काम ते अत्तर लावल्यासारखं करत. मी ओरडायची, ते "जी बहनजी" म्हणायचे आणि त्यांना हवं तेच करायचे.

आमचा मुख्य माल म्हणजे पुराच्या बोटी. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कचेऱ्या मागवायच्या. पुराची बोट कशी असते? काठ उंच, कारण घाबरलेली माणसं एका बाजूला धावतात. पोट रुंद, तळ सपाट. आणि बोटीइतकंच महत्त्वाचं म्हणजे पाण्यातल्या माणसाला आत घ्यायची पद्धत. दर जूनमध्ये बोटीबरोबर कचेरीची माणसं शिकायला यायची आणि मी त्यांच्याकडून ती घोटवून घ्यायची. दोघांनी वाकायचं, एकेक हात काखेत, दुसरा कंबरेच्या कापडात, एक-दो-तीन, आणि मागे कोसळायचं. माणूस आपोआप आत येतो. बुडणाऱ्याशी बोलत बसायचं नाही, त्याला विचारायचं नाही. बुडणारा माणूस भलतंच काहीतरी सांगतो. ही पकड मी बसवली होती, आणि मला तिचा माज होता. आता का खोटं बोलू?

बाकी गिऱ्हाइकं म्हणजे एकेक नमुना. बहराइचकडच्या एका गृहस्थांनी बोट घेतली ती गच्चीवर ठेवायला. पूर आला तर घरातून खाली उतरायलाच नको, गच्चीवरूनच निघायचं. पूर आला नाही. बोटीत त्यांच्या बायकोने गहू भरला.

आणि मलिहाबादचे खाँसाहेब. त्यांच्या दशहरी आंब्यांच्या बागेच्या मधोमध मोठा तलाव होता. नातवंडांसाठी त्यांना हंसाच्या आकाराची, पायडल मारायची बोट हवी होती. आम्ही केली. ते आले, तिच्याभोवती तीनदा फिरले आणि दुःखाने म्हणाले, "बहनजी, सब ठीक है. मगर इसकी गर्दन में ग़ुरूर नहीं है." अंगाचा तिळपापड झाला माझा. पण मुन्ने भाईंनी मान हलवली, करवत घेतली आणि हंसाची मान कापली. नवी मान बघून खाँसाहेबांनी त्यांना मिठी मारली. हे खाँसाहेब आणि त्यांचा तलाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

मेजर शिर्के आले ते एका ऑगस्टमध्ये. साताऱ्याकडचे, बायको-संसार कॅन्टोन्मेंटमध्ये. मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांना लांबून पाहिलं होतं. चालताना उजवीकडे जरासे झुकायचे, एवढंच.

"परबबाई, मला एक छोटी बोट हवीय."

"पूर कुठे आलाय?"

"पूर नाही. मला पाण्याखाली जायचंय."

"मग बोट कशाला? आहे त्या बोटीला भोक पाडून देते."

मेजर एवढ्या मोठ्याने हसले की मुन्ने भाईंनी ब्रश खाली ठेवला. मग त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडात नळी, डोळ्यांवर काच, पायांत माशाच्या परांसारखे रबरी पंखे लावून समुद्राखाली फिरायचं, मासे बघायचे. युद्धासाठी नाही, मौजेसाठी. त्या काळी आपल्याकडे हे कुणाच्या गावी नव्हतं. मेजर सैन्यातच शिकले होते. मग एका सुरुंगाने उजवा पाय गुडघ्याखालून नेला. हे त्यांनी घरचा पत्ता सांगावा तसं सांगितलं.

त्यांचा जुना सोबती फर्नांडिस गोव्यात लोकांना असं पाण्याखाली फिरवून आणायचा उद्योग सुरू करत होता. मेजर निवृत्त होऊन डिसेंबरात तिकडे जाणार होते. "पण फर्नांडिसची अट आहे," ते म्हणाले. "बोटीत आम्ही दोघंच. एक जण इंजिनापाशी, एक गिऱ्हाइकांबरोबर पाण्यात. पाण्यातला माणूस स्वतःच्या बळावर बोटीत आला पाहिजे, कारण बाकीच्यांना तोच वर घेणार. मलाच कुणी ओढायचं असेल, तर मी किनाऱ्यावर टेबल सांभाळायचं. त्याचं बरोबरच आहे. पण टेबल मी इथे कचेरीत तीन वर्षं सांभाळतोय, बाई."

"गोव्यात बोटी मिळत नाहीत?"

"मिळतात की. पण तिथे बघणारे ओळखीचे. इथे नाही जमलं तर ते तुम्हाला कळेल आणि मला कळेल. बाकी कुणाला नाही." जाताना दारात थांबून म्हणाले, "पाण्याखाली मी लंगडत नाही, परबबाई."

आता असल्या बोटीला काय काय लागतं? तळ स्थिर हवा, कारण पाठीवर सिलिंडर बांधलेली माणसं काठावर बसून उलटी पाण्यात पडतात. सिलिंडर गडगडू नयेत म्हणून बांधायला जागा हवी. इंजिनाच्या पंख्याजवळ कुणाचे पाय जाता कामा नयेत. हे सगळं मी दोन दिवसांत वहीत उतरवलं आणि आमच्या पुराच्या बोटीचा धाकटा साचा काढला. चौदा फूट, काठ उंच, देखणी. मेजरांनी एकदा दबक्या आवाजात विचारलं, "रबरी बोट बघायची का? हवा भरायची?"

झालं! त्या रबरी बोटी तेव्हा आमच्या मुळावर आल्या होत्या. कचेऱ्या एकामागून एक तिकडे वळत होत्या. मी त्यांना फुगे म्हणायची. "मेजरसाहेब," मी म्हटलं, "फुगे जत्रेत घ्या. इथे बोट मिळते." मी बोटीच्या बाजूला लोखंडी शिडी लावली, चार पायऱ्यांची. मुन्ने भाईंना शेडमध्येच तिच्यावर चारदा चढायला-उतरायला लावलं. बोट जमिनीवर, मुन्ने भाई कोरडे, आणि त्यांना पाय दोन. बाबांचं वाक्य तेव्हा आठवलं नाही.

सप्टेंबरात बोट घेऊन मलिहाबादला गेलो, तलाव तुडुंब होता. खाँसाहेबांनी खाटा टाकून घेतल्या, आंब्याचा मोसम संपल्याबद्दल आमची माफी मागितली, मुरब्बा पाठवला आणि बागेची माणसं घेऊन स्वतःच दूर निघून गेले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. मेजरांच्या पत्नी सुनंदावहिनी पाण्याकडे पाठ करून खाटेवर बसल्या. नवऱ्याची ताकीद होती, बघायचं नाही. मेजरांनी कृत्रिम पाय काढून त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला.

मेजर बोटीच्या काठावर बसले आणि पाठमोरे पाण्यात गेले. बोट चांगलीच कलली, पण मी तिकडे काणाडोळा केला. दहा मिनिटं नुसते बुडबुडे दिसत होते. बोटीत मी आणि मुन्ने भाई, ते ओठांत दुआ पुटपुटत होते. मग मेजर वर आले, आणि त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. गढूळ तलाव होता तो, खाली चिखलाशिवाय काय दिसणार? पण माणूस दहा वर्षांनी घरी जाऊन आल्यासारखा दिसत होता.

मग शिडी आली. मेजरांनी सिलिंडर आणि कमरेला वजनासाठी बांधलेला शिशाचा पट्टा पाण्यातच काढून दोराला अडकवला, डाव्या पायाचा पंखा काढला आणि पायरीवर पाय ठेवला. सगळं वजन एका बाजूला आल्यावर बोट त्यांच्याकडे कलली. कलली तशी शिडी बोटीच्या पोटाखाली गेली. पाय पुढे गेला, अंग मागे लोंबकळलं. दुसरा पाय असता तर सावरला असता. ते सुटले, पुन्हा आले, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला हात निसटला आणि हनुवटी पायरीवर आपटली. पाण्यात रक्त दिसलं.

मी विचार केलाच नाही. "मुन्ने भाई, पकड़ो!" एक हात काखेत, एक कंबरेला, एक-दो-तीन. मेजर आमच्या पायांशी पालथे पडले होते. आमच्या कामात याला शाबासकी मिळते.

ते उठून बसले. हनुवटी पुसली नाही. वहिनींच्या पाठीकडे बघत म्हणाले, "मी बुडत नव्हतो, परबबाई."

सुनंदावहिनींनी मान न वळवता विचारलं, "काय झालं?" मुन्ने भाईंनी बोट काठाकडे वळवली. जीपमधून कॅन्टोन्मेंटपाशी उतरताना मेजर एवढंच म्हणाले, "बोट चांगली आहे. कुणाला तरी उपयोगी पडेल."

पहिले दोन दिवस मी त्यांच्यावरच चिडले होते. हनुवटी फुटलेली, दम लागलेला, आणि वर काढलं तर तोंड फिरवतात! तिसऱ्या दिवशी शेडमध्ये पुन्हा तेच बडबडत होते, तेव्हा मुन्ने भाई ब्रश धूत धूत म्हणाले, "बहनजी, पूछ लेते तो अच्छा था."

बस्स, एवढंच म्हणाले. इतकी वर्षं आमच्यासाठी पाण्यातला माणूस म्हणजे ओढून घ्यायचा माणूस. तो आपल्या खुशीने पाण्यात गेलाय, आणि आपल्या खुशीने परत येणार आहे, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. बोटीत नाही, शिडीत नाही, हातात नाही. लाज वाटली मला. ज्या माणसाने फक्त माझ्यासमोर हरायची तयारी दाखवली होती, त्याला मी पोत्यासारखा उचलला होता.

रविवारी त्यांच्या क्वार्टरवर गेले. वहिनींनी दार उघडलं. मेजर जमिनीवर बसून कूलरचा पंप दुरुस्त करत होते, कृत्रिम पाय भिंतीला टेकवून ठेवलेला. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "चुकलं माझं. विचारायला हवं होतं."

"बसा," ते म्हणाले. हनुवटीवर पट्टी होती. "चहा घ्या. तो विषय संपला. फर्नांडिसला पत्र टाकतोय, टेबल सांभाळतो म्हणून."

तेवढ्यात फोन वाजला. फोन दिवाणापलीकडच्या खिडकीत. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. मी उठणार तोच मेजरांनी दिवाणाच्या काठावर छाती टाकली, हाताने पलीकडची कड धरली, डाव्या पायाने जमिनीला एक रेटा दिला आणि गिरकी घेऊन वर बसले. "हाँ, हैलो?" दोन सेकंदही लागले नाहीत. रोजचं होतं त्यांचं. त्यांना स्वतःलाही कळलं नसेल.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "मेजरसाहेब, तुमच्या दिवाणाची उंची किती?"

"का? विकत घेताय?"

"वहिनी, टेप आहे का घरात?" शिवणाच्या टेपने मोजलं. सोळा इंच. आणि कडेला गादी, मऊ. शिडी कशाला हवी होती या माणसाला? त्याला हवी होती पाण्यालगतची, बुटकी, मऊ कड. हवा भरलेली कड. आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात ते विचारलं होतं, अगदी हळू आवाजात. मी जत्रेत पाठवलं त्यांना.

"टेबलाचं पत्र टाकू नका," मी म्हटलं. "मला महिनाभर द्या. फुगा आणते."

आमच्याच शेडच्या मागे एका कचेरीची रबरी बोट पडून होती, पॅचेस लावायला आलेली आणि मग मोडीत काढलेली. लालाजी म्हणाले, "आप? और रबर?" मी म्हटलं, हो, मीच. पाण्यात सोडून तिच्या काठावर मी आणि मुन्ने भाई दोघं एका बाजूला बसलो. बोट कलेना. फुगलेली नळी पाण्यात दाबली जायला तयारच नसते, ती उलट ढकलते. हवेचे कप्पे वेगवेगळे, एक फुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. दोषही आहेत. खडकावरची कालवं तिला सुरीसारखी कापतात, आणि ऊन तिचं रबर खाऊन टाकतं. पण पाण्यातून परत यायचं असेल तर ती चांगली. हे कबूल करायला मला इतकी वर्षं लागली.

राहिली एक गोष्ट. दिवाणाला पलीकडची कड असते धरायला, बोटीत ती नसते. मेजरांना बोलावून कोरड्या बोटीवर पालथं झोपवलं, छाती नळीवर, हात आत लांब. बोटं जिथे पोहोचली तिथे मुन्ने भाईंनी खडूने खूण केली आणि जाड कापडाचा पट्टा रबराने चिकटवला. वाळल्यावर मी त्याला वाळूची पोती टांगली आणि दिवसभर लोंबकळू दिली. पट्टा हलला नाही.

ऑक्टोबरात पुन्हा मलिहाबाद. वहिनी पुन्हा पाठ करून, मांडीवर टॉवेलात पाय. बोटीत बसल्याबरोबर मी मुन्ने भाईंना म्हटलं, "आज हाथ जाँघ के नीचे." आणि स्वतः दोन्ही हातांवर बसले. मुन्ने भाईही बसले. म्हणाले, "ठीक है बहनजी. हाथ तो मेरे भी बेईमान हैं." मेजरांनी आमच्याकडे पाहिलं, ओठ जरासे हलले, आणि ते मागच्या मागे पाण्यात गेले.

परत आले. सामान दोराला अडकवलं. या वेळी पायाचा पंखा तसाच ठेवला. बोटीचा दोर धरून उसळी मारली. छाती नळीला लागली आणि घसरली. दुसऱ्यांदा छाती वर आली, हात आत गेला, बोटं पट्ट्याला पोहोचलीच नाहीत. चार बोटं कमी पडली. कोरडा माणूस आणि ओला माणूस यांत चार बोटांचा फरक पडतो, हे मला तेव्हा कळलं. पुन्हा रिकामी होडी बघितली होती मी!

तिसऱ्यांदा त्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं. ठसका लागला. तो आवाज मी पुरात ऐकलाय, तो ऐकला की माझे हात माझे राहत नाहीत. उजवा हात मांडीखालून निघाला आणि पुढे गेला. मेजरांनी तो बघितला. मुन्ने भाई शेजारून अगदी हळू म्हणाले, "बहनजी."

मी मोठ्याने विचारलं, "मेजरसाहेब, हात लावू?"

खोकता खोकता त्यांनी मान हलवली. नको.

मी हात परत मांडीखाली घातला. माझ्या आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम ते, आणि त्यात काही करायचंच नव्हतं. मेजर दोर धरून थांबले. श्वास खाली बसू दिला. मग अंग पाण्यावर सपाट सोडलं, आडवं, पाय मागे लांब, आणि त्या एका पायाने पाणी असं मारलं की मुन्ने भाईंची टोपी भिजली. छाती वर, पोट वर, हात पट्ट्यावर. गिरकी घेऊन ते धप्पकन माझ्या पावलांवर पडले आणि आकाशाकडे बघत राहिले. आधी हसले. मग चेहरा झाकून घेतला. मी तर सरळ रडले, त्यात लाज कसली? मुन्ने भाई टोपी पिळत होते. फार वेळ पिळत होते.

काठावरून आवाज आला, "झालं का?"

"वळ आता," मेजर ओरडले. "बघ!"

वहिनी वळल्या. मांडीवरचा पाय कुठे ठेवावा हे त्यांना सुचेना, तो तसाच कवटाळून त्या घोटाभर पाण्यापर्यंत आल्या. "हनुवटीला लागलं नाही ना?" त्यांनी विचारलं. खाँसाहेब कुठून तरी उगवले आणि म्हणाले, "मेजर साहब, अब हमारे हंस को भी इज़्ज़त बख़्शिए." मेजर खरोखरच हंसात बसले. एका पायाने पायडल मारल्यावर हंस गोल गोल फिरत राहिला.

पट्टा चार बोटं अलीकडे घेतला. महिन्याभरात अजून पाच वेळा गेलो, आणि एकदाही हात काढावा लागला नाही. डिसेंबरात ती बोट हवा काढून, गुंडाळून, गोणपाटात शिवून रेल्वेने गोव्याला गेली. जानेवारीत एक दिवस शेडमध्ये फोन आला. मागे लाटांचा आवाज आणि मेजर ओरडतायत, "परबबाई, तुमच्या मलिहाबादने घात केला! मी बुडतच नाही!" खाली जायला कमरेला शिसं लागतं, ते आम्ही तलावाच्या गोड्या पाण्यात ठरवलं होतं. खारं पाणी माणसाला जास्त वर ढकलतं. वेंगुर्ल्याची मुलगी मी, आणि समुद्र खारा असतो हे विसरले. फर्नांडिसने पोट धरून हसत आणखी शिसं बांधलं.

"आणि परत येताना?" मी विचारलं.

"फर्नांडिसने हात पुढे केला. मी म्हटलं, मांडीखाली." मग म्हणाले, "टेबल त्यालाच दिलंय, बाई."

त्या जूनपासून मी माझ्या शिकवण्यात एक वाक्य घातलं. पकडायच्या आधी, माणूस शुद्धीवर असेल तर, विचारा: हाथ लगाएँ? कचेरीची माणसं हसायची. पुरात कोण विचारतं, मॅडम? खरंय. बहुतेक जण हात मागतातच. पण विचारायला किती वेळ लागतो? पुढे पुढे ऑर्डरी सगळ्या रबरी बोटींकडे गेल्या. आमच्या साच्यांची धूळ मुन्ने भाईंनी शेवटपर्यंत पुसली. त्या शेडमध्ये आता पाण्याच्या टाक्या बनतात. मेजरांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हाच ऐकलं असतं, तर त्यांची हनुवटी फुटली नसती आणि कदाचित आमची शेडही टिकली असती.

दोन वर्षांनी माहेरी जाताना वाटेत गोव्याला उतरले. मेजर रापून काळे झाले होते. बोट तीच, ठिगळं वाढलेली. ते, वहिनी आणि मी, तिघंच निघालो. एका खडकाजवळ इंजिन बंद करून म्हणाले, "उतरा."

"मला पोहता येत नाही!"

"म्हणून तर जॅकेट घातलंय. दोर धरा आणि काचेतून खाली बघा."

उतरले. काय सांगू! बाबांच्या होड्यांखाली हे सगळं होतं, आयुष्यभर होतं, आणि आम्ही वरच्या वर फिरत राहिलो. पिवळे मासे माझ्या पायांखालून निवांत जात होते. थंडी वाजेपर्यंत बघत राहिले. मग बोटीपाशी आले आणि सवयीने, बाईमाणूस म्हणून, पाहुणी म्हणून, हात वर केला.

मेजरांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग आपले दोन्ही हात मांड्यांखाली सारले आणि विचारलं, "हात लावू?"

माझी जीभ 'हो' म्हणायलाच निघाली होती. तोंडून निघालं, "नको, मेल्या!"

चौथ्या खेपेला मी त्यांच्या पायांवर येऊन पडले. सुनंदावहिनी माझ्याकडे तोंड करून बसल्या होत्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या.